भागीदाराची सही ती आपली सही
(पिंगळी, जिल्हा परभणी, येथील प्रौढ साक्षर मंडळींपुढे दिलेले भाषण)



आजचा विषय जरा कोरडा आहे. भागीदारीचा कायदा. किडीवरचं औषध किंवा बँकेचं खातं असा विषय असला म्हणजे माणसं पुढं सरकून बसतात. कायदा म्हटलं की मागं सरकतात. पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. तुम्ही आता अक्षरं वाचता, नाव लिहिता. अंगठा उठवणारा माणूस सही करू लागला, की लोक त्याच्यापुढं कागद आणायला लागतात. त्यातला एक कागद भागीदारीचा असतो.

पिंगळीला रेल्वेचं स्टेशन आहे. परभणीचा मोंढा जवळ आहे. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, सगळा माल इथून तिकडं जातो. मग दोघं-तिघं मिळून मळणीयंत्र घेतात. कुणी मालाची गाडी घेतं. कुणी मोंढ्यात आडतीचं दुकान टाकतं. एकट्याच्या खिशाला न झेपणारं काम तिघांच्या खिशाला झेपतं. यात वाईट काहीच नाही. माणसं पूर्वीपासून हे करत आली आहेत. जुन्या धर्मशास्त्रात या विषयाला ‘संभूयसमुत्थान’ असं भलं जड नाव आहे. चौघांनी एकत्र येऊन धंदा करायचा, एवढाच त्याचा अर्थ. याज्ञवल्क्याच्या स्मृतीत त्याचे नियम आहेत. नफा-तोटा ठरल्याप्रमाणे वाटावा, लबाडी करणाऱ्या भागीदाराला नफा न देता बाहेर काढावं, असं तिथं सांगितलं आहे. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं सुमारे 900 वर्षांपूर्वी ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली. ती लिहिली कल्याणीला. आजचं बसवकल्याण, आपल्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातलं.

आताचा कायदा 1932 सालचा आहे. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला तो इंग्रजी मुलखात लागू झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, म्हणून इथं तो आला नाही. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, आणि 1 एप्रिल 1951 पासून हा कायदा आपल्याकडं लागू झाला. पुढं परभणी आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आली. कायदा तोच राहिला. मध्ये थोडी दुरुस्ती झाली, ती पुढं सांगू.

तर भागीदारी म्हणजे काय? काही माणसांनी ठरवलं, की आपण एक धंदा करू आणि त्याचा नफा वाटून घेऊ. तो धंदा सगळ्यांनी चालवला, किंवा सगळ्यांच्या वतीनं एकानं चालवला, तरी ती भागीदारी. ‘सगळ्यांच्या वतीनं’ हे शब्द ध्यानात ठेवा. सगळा कायदा या शब्दांभोवती फिरतो.

नफा वाटला की लगेच भागीदारी झाली, असं मात्र नाही. वावर एकाचं, राबणारा दुसरा आणि पीक निम्मं-निम्मं, ही बटई. नुसतं पीक वाटल्यानं दोघं भागीदार होत नाहीत. दुकानदारानं नोकराला पगाराऐवजी नफ्यातला हिस्सा दिला, तर तो नोकरच राहतो. सावकारानं व्याजाऐवजी नफ्यातला वाटा घेतला, तर तेवढ्यानं तो भागीदार होत नाही. एकत्र कुटुंबातले भाऊ वडिलांच्या वेळचं दुकान चालवतात, तीही या कायद्यातली भागीदारी नव्हे. ते नातं जन्मानं आलेलं असतं. भागीदारी ठरवून होते.

ठरवून होते म्हणजे कागदावरच झाली पाहिजे, असं नाही बरं का. पारावर बसून तोंडी ठरलं तरी ती भागीदारी होते. इथंच पुष्कळ लोक फसतात. ‘कागद कुठं केला होता? मी भागीदार नाहीच,’ असं म्हणून सुटका होत नाही. तुम्ही नफा घेत होता, गाडीवर तुमचं नाव होतं, गिऱ्हाईक तुम्हाला मालक म्हणत होतं. कोर्ट हे सगळं पाहतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तिघांनी मिळून मळणीयंत्र घेतलं. पहिल्यानं 2,00,000 रुपये घातले. दुसऱ्यानं 1,00,000 घातले. तिसऱ्याकडं पैसा नव्हता, पण त्याला यंत्र चालवता येतं, दुरुस्त करता येतं. तो म्हणाला, ‘मी राबतो.’ नफा कसा वाटायचा हे कुणी लिहून ठेवलं नाही. दोस्तीत कोण लिहितं! हंगाम चांगला गेला. 90,000 रुपये नफा झाला. वाटणी कशी होईल?

पहिला म्हणेल, माझे दोन लाख आहेत, मला जास्त. कायदा म्हणतो, तुम्ही काही ठरवलं नसेल तर तिघांना सारखं. प्रत्येकी 30,000. राबणारा खूश होतो. मग पुढच्या वर्षी पाऊस हुकला, यंत्र मोडलं आणि 60,000 चा तोटा आला. तोटाही सारखाच. प्रत्येकी 20,000. राबणारा म्हणतो, ‘मी वर्षभर राबलो आणि वर पदरचे 20,000 भरू?’ होय, भरावे लागतील. राबल्याबद्दल वेगळी मजुरीसुद्धा मागता येत नाही. कायदा सांगतो, भागीदाराला कामाचं वेतन नाही, तसं ठरलं असेल तरच आहे. पहिल्या भागीदारानं ठरलेल्या भांडवलावर आणखी 50,000 रुपये धंद्याला उसने दिले असतील, तर त्याला वर्षाला शेकडा 6 प्रमाणे व्याज मिळतं, म्हणजे 3,000. भांडवलावर मात्र व्याज नाही. तसं ठरलं असेल तर मिळतं, पण तेही नफा झाला तर नफ्यातूनच.

यातलं जवळजवळ सगळं तुम्हाला बदलता येतं. राबणाऱ्याला महिना अमुक पगार द्यायचा, तोटा त्याच्या अंगावर टाकायचा नाही, दोन लाखवाल्याला नफ्यात निम्मा वाटा, असं तुम्ही एकमेकांत ठरवू शकता. तुम्ही गप्प बसलात तेवढ्याच जागी कायदा आपलं माप लावतो. म्हणून गप्प बसू नये. आमच्या मतानं राबणाऱ्या भागीदारानं तर पहिल्या दिवशीच बोलावं. त्याची बाजू मुळातच दुबळी असते.

पैसा एकाचा आणि कसब दुसऱ्याचं, अशी भागीदारी हलकी समजू नका. म्हाताऱ्या मंडळींनी ‘संत तुकाराम’ हा बोलपट पाहिला असेल. 1936 सालचा. तो काढणारी ‘प्रभात फिल्म कंपनी’ 1 जून 1929 ला कोल्हापुरात पाच भागीदारांनी सुरू केली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या कंपनीत शिकून तयार झालेले कारागीर. कुणी कॅमेरा जाणणारा, कुणी देखावे उभारणारा. सीतारामपंतांनी भांडवलाची बाजू धरली. या पाचांनी 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला, 1933 साली कंपनी पुण्याला नेली आणि देशभर नाव केलं. पण भागीदार जन्मभर एकत्र राहतातच असं नाही. धायबर बाहेर पडले. 1942 साली शांतारामबापूंनीही कंपनी सोडली आणि मुंबईत ‘राजकमल’ काढली. 1945 साली दामले वारले. पुढं प्रभात बंद झाली, आणि तिच्या पुण्याच्या जागेत 1960 साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. इतकी मोठी माणसं, इतका मोठा धंदा, तिथंही भागीदार निघाले, भागीदार वारले. तेव्हा गावातल्या यंत्राच्या भागीदारीत कोण कधी निघेल, कोण कधी जाईल, याचा विचार आधी करण्यात अशुभ काही नाही.

आता भागीदारांनी एकमेकांशी कसं वागायचं, ते पाहू. कायदा तीन गोष्टी सांगतो. सगळ्यांचं जास्तीत जास्त भलं होईल असा धंदा करायचा. एकमेकांशी इमानानं वागायचं. आणि खरा हिशोब व पूर्ण माहिती द्यायची. ऐकायला हे कीर्तनासारखं वाटतं. पण हा उपदेश नव्हे, हे कोर्टात मागता येणारं देणं आहे.

राबणारा भागीदार यंत्राचे सुटे भाग आणायला परभणीला जातो. दुकानदार त्याला हळूच 500 रुपये देतो, ‘नेहमी आमच्याकडंच या.’ ते 500 रुपये कुणाचे? तिघांचे. धंद्याच्या व्यवहारातून जे मिळालं ते धंद्याचं. दुसरा भागीदार रात्री यंत्र नेऊन मेव्हण्याच्या खळ्यावर मळणी करतो आणि पैसे खिशात घालतो. तेही तिघांचे. पहिला भागीदार आपल्या एकट्याचं दुसरं यंत्र घेऊन त्याच गावात मळणीचा धंदा करतो. आधी तसं ठरलेलं नसेल, तर त्या धंद्याचा नफा त्यानं भागीदारीत आणून टाकायचा. कुणी लबाडी करून धंद्याचं नुकसान केलं, तर ते नुकसान त्यानंच भरून द्यायचं. इथं ‘आम्ही आपसात वेगळं ठरवलं होतं’ हेसुद्धा चालत नाही.

हिशोबाचं तर विचारूच नका. कीर्द-खतावणी एकाच्या घरी, किल्ली त्याच्या बायकोच्या पदराला, आणि दुसऱ्यानं वही मागितली की ‘विश्वास नाही का?’ हा प्रश्न तयार. मंडळी, वही पाहणं हा प्रत्येक भागीदाराचा हक्क आहे. नुसती पाहण्याचा नाही, उतरवून घेण्याचासुद्धा. तुम्ही आता अक्षरं आणि आकडे शिकला आहात. वही मागा, वाचा, उतरवून घ्या. जो रागावेल त्याला रागावू द्या.

आता सगळ्यात जड गोष्ट. इतका वेळ भागीदार आपसात काय करतात ते पाहिलं. बाहेरच्या माणसाशी व्यवहार झाला की काय होतं?

धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदारानं केलेला व्यवहार सगळ्यांना बांधतो. समजा, राबणाऱ्यानं यंत्रासाठी हंगामभर पंपावरून उधारीनं डिझेल घेतलं. 80,000 रुपये झाले. हंगाम संपल्यावर तो कामाला म्हणून पुण्याकडं गेला तो आलाच नाही. पंपवाला कुणाकडं जाईल? ज्याच्याकडं पैसा दिसतो त्याच्याकडं. आणि त्याच्याकडून 80,000 चे 80,000 मागेल. तिसरा हिस्सा घ्या म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. तुम्ही सगळं भरायचं आणि मग बाकीच्या दोघांकडून त्यांचा हिस्सा मागत फिरायचं. कायदा सांगतो, भागीदारीच्या देण्याला सगळे मिळूनही जबाबदार आणि एकेकटेही जबाबदार.

बरं, ही जबाबदारी तुम्ही घातलेल्या भांडवलापुरतीच आहे का? नाही. एक लाख घातले म्हणून एक लाखाचंच नुकसान, असा हिशोब इथं नाही. धंद्याची मालमत्ता पुरली नाही तर भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेवर येतं. शेतकऱ्याचे बैल, अवजारं आणि तो राहतो ते घर, यांना दिवाणी कायद्यानं जप्तीपासून काही संरक्षण दिलं आहे. पण बँकेतली ठेव, गावातली मोकळी जागा, वावर, यांचं काय? आणि घर गहाण लिहून दिलं असेल तर तेही संरक्षण उरत नाही.

तरी काही आडोसा आहे. राबणाऱ्यानं पोरीच्या लग्नाचं कापड स्वतःच्या उधारीवर आणलं, तर ते त्याचं त्याच्यापाशी. भागीदारीच्या नावानं जमीन घेणं, भागीदारीची जमीन विकणं, धंद्याचं बँक खातं स्वतःच्या नावानं उघडणं, कोर्टातला दावा काढून घेणं, या गोष्टी एकट्या भागीदाराला आपल्या मनानं करता येत नाहीत. तुमच्याकडं अशा कामाचा कागद आला, तर बाकीच्यांची संमती कुठं आहे, हे आधी विचारा.

मायबहिणींनो, आता तुमच्याकडं वळतो. नवरा किंवा दीर एक कागद आणतो. म्हणतो, ‘नुसतं नाव घालायचंय, सही कर.’ तुम्ही सही शिकला आहात, करता. तो कागद भागीदारीपत्राचा असेल तर तुम्ही भागीदार झालात. दुकानात तुम्ही एकदाही पाय ठेवला नसेल, नफ्याचा एक रुपया पाहिला नसेल, तरी उधारीवाला तुमच्या नावावरच्या वावरापर्यंत येऊ शकतो. सही करू नका, असं आम्ही म्हणत नाही. बाईनं भागीदार व्हावं, जरूर व्हावं. पण मग पुरी भागीदार व्हावं. वही पाहावी, हिशोब विचारावा, नफा घ्यावा.

पोरांचंही तसंच. 18 वर्षांखालचा मुलगा पुरा भागीदार होत नाही. सगळ्यांच्या संमतीनं त्याला नफ्यापुरतं आत घेता येतं, आणि तोपर्यंत त्याची स्वतःची मालमत्ता अडकत नाही. पण 18 पुरी झाली की सहा महिन्यांत त्यानं आत राहायचं की बाहेर, हे जाहीर करावं लागतं. गप्प राहिला तर तो भागीदार झाला, आणि मागच्या देण्यालासुद्धा जबाबदार झाला.

कुणाला भागीदारीतून निघायचं असेल तर काय करायचं? बाकीच्यांच्या संमतीनं, किंवा करारात लिहिलं असेल तसं निघता येतं. मुदत ठरलेली नसेल तर लेखी नोटीस देऊनही निघता येतं. पण ‘मी निघालो’ असं पारावर सांगून भागत नाही. सरकारी राजपत्रात आणि त्या भागातल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. भागीदारीची नोंदणी झालेली असेल तर निबंधकालाही कळवावं लागतं. सूचना दिली नाही, तर बाहेरच्यांच्या दृष्टीनं तुम्ही भागीदारच. तुम्ही निघून वर्ष झालं असलं, तरी नव्या उधारीचं बिल तुमच्या दारात येऊ शकतं. वर्तमानपत्रातल्या त्या चार ओळींचा खर्च वाचवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तो वाचवू नये.

आणि भागीदार वारला तर? वेगळं ठरलं नसेल तर भागीदारी तिथंच मोडते. मुलगा आपोआप बापाच्या जागी बसत नाही. त्याला आत घ्यायचं तर बाकीच्यांची संमती लागते. पण बापाचा जो हिस्सा होता तो वारसांचा. दहाव्याला येऊन ‘वहिनी, काही उरलं नाही’ असं सांगितलं म्हणजे हिशोब झाला, असं नव्हे. विधवेला खरा हिशोब मागता येतो. हिशोब न मिटवता बाकीच्यांनी तेच यंत्र, तेच भांडवल वापरून धंदा पुढं चालू ठेवला असेल, तर तिला दोहोंपैकी एक मागता येतं. तिच्या हिश्शावर कमावलेला नफा, नाहीतर त्या हिश्शावर शेकडा 6 व्याज. पण याला मुदत आहे. मोडलेल्या भागीदारीचा हिशोब मागण्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मरणानं भागीदारी मोडली असेल तर मरणाच्या दिवसापासून तीन वर्षं. दुःखात आणि लाजेत ही तीन वर्षं कशी निघून जातात, ते कळत नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी बाई असेल तर तिला एवढं सांगाच.

आता नोंदणी. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून लोक करत नाहीत. मग मोंढ्यात एखादा व्यापारी पैसे बुडवतो. भागीदार कोर्टात जातात. कोर्ट विचारतं, नोंदणी आहे का? नाही म्हटलं की दावा चालत नाही. 100 रुपयांपर्यंतचं क्षुल्लक येणं असेल तर गोष्ट वेगळी. उलट तोच व्यापारी तुमच्यावर दावा लावू शकतो. त्याला कुणी अडवत नाही.

भागीदारालाही करारातला आपला हक्क दुसऱ्या भागीदारावर दावा लावून मागता येत नाही. निदान भागीदारी मोडून हिशोब मागण्याची वाट तरी 1932 च्या कायद्यानं उघडी ठेवली होती. महाराष्ट्रानं 1984 साली दुरुस्ती करून, अगदी लहानसहान भागीदारी सोडून, तीही बंद केली. नोंदणी नाही तर मोडताही येत नाही आणि हिशोबही मागता येत नाही, अशी अडचण झाली. लबाड भागीदाराची चांगलीच सोय झाली म्हणा ना! शेवटी 2009 साली दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं ही दुरुस्ती घटनेच्या विरुद्ध ठरवून रद्द केली. नोंदणी नसलेल्या भागीदारालाही आता भागीदारी मोडण्याचा आणि हिशोबाचा दावा लावता येतो. पण व्यापाऱ्याकडचं येणं वसूल करायला नोंदणी लागतेच.

मोठं काम असेल, माणसं पुष्कळ असतील, तर सहकारी संस्था, शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी, किंवा 2008 च्या कायद्यानं निघालेली मर्यादित जबाबदारीची भागीदारी, असे दुसरेही रस्ते आहेत. तो स्वतंत्र विषय आहे. दोघं-चौघं मिळून धंदा करतात त्यांना साधी भागीदारी बहुतेक वेळा पुरते.

नोंदणीचा अर्ज भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडं करायचा. आता तो संगणकावरून भरता येतो. त्यात धंद्याचं नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदार कोणत्या तारखेला आत आला, सगळ्यांची पुरी नावं आणि कायमचे पत्ते, आणि किती मुदतीची भागीदारी आहे, हे लिहायचं असतं. त्याला भागीदारीपत्र जोडायचं. हे पत्र स्टँपच्या कागदावर असतं. ते लिहिताना नफा, तोटा, राबणाऱ्याचा पगार, वही कुठं राहणार, कुणी निघाला किंवा वारला तर काय करायचं, एवढं तरी घालून घ्या. अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. सही करण्याआधी अर्ज एकानं मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. शब्द अडला तर थांबावं, विचारावं. आम्ही भागीदारीपत्राचा एक कोरा नमुना आणला आहे. तो आता फळ्यावर लिहितो. वह्या काढा आणि उतरवून घ्या.